मशीन ठीक आहे

माझ्या भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, एकतीस वर्षं कपडे धुण्याची मशिनं दुरुस्त केली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत. याचा त्यांना अभिमान होता. लोकांना मात्र मशीन उघडलेलं बघायला आवडतं. आतल्या वायरी दिसल्या, चार स्क्रू फरशीवर सांडले, माणसाचे हात काळे झाले की काम झाल्यासारखं वाटतं. भावजी यातलं काही करत नसत. ते घरात शिरत, काखेतलं घडीचं स्टूल मशीनसमोर मांडत, त्यावर बसत आणि जो कोणी कपडे धुवायला लावत असेल त्याला सांगत, “रोज लावता तसं लावा. मी इथे नाहीच असं समजा.” मग पाऊण-एक तास नुसते बघत बसत.

परका माणूस स्टुलावर बसून आपले मळके कपडे बघतोय, हे कुणाला आवडत नाही. पण मशीन बंद पडलं की माणूस नरम येतो. आमच्या भागात त्यांना सगळे ‘स्टूलवाले’ म्हणायचे. आडनाव विचारलं असतं तर कुणाला सांगता आलं नसतं.

त्यांचा नियम होता, पहिल्या दिवशी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढायचा नाही. पहिला दिवस बघायचा, दुसरा हात लावायचा. पण दुसरा दिवस बहुतेक वेळा यायचाच नाही, कारण कपडे पिळून मशीन थांबलं की भावजी उठून म्हणायचे, “मशीन ठीक आहे.” मग प्यायला पाणी मागायचे. ग्लास अगदी तळापर्यंत रिकामा करायचे, खाली ठेवायचे आणि म्हणायचे, “आता तुमच्याकडे बघू.”

या दुसऱ्या वाक्याने त्यांनी किती गिऱ्हाइकं गमावली असतील, याचा हिशोब नको. एका बँकेतल्या साहेबांच्या मशीनमध्ये पाणी येत नव्हतं. भावजींनी मागचा नळ उघडला आणि पाणी आलं. साहेबांनी नंतर दुसरा मेकॅनिक बोलावला. त्यालाही काही सापडलं नाही, पण त्याने निदान मशीन उघडलं होतं.

यात माझं काम फोनचं. मी दातांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं रिसेप्शनवर होते. कळवळणाऱ्या माणसाला थंडपणे “वरचा की खालचा” असं विचारायची मला सवय आहे. निवृत्त झाल्यावर घरात बसून मी माझ्या भिंतींशी भांडायला लागले, तेव्हा ताईने मला खालच्या मजल्यावर, तिच्या घरी कामाला बोलावून घेतलं. भावजींना फोनवर बोलायचा कंटाळा. तेव्हापासून दहा ते एक मी ताईच्या हॉलमध्ये फोनपाशी बसते. फोनच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला आहे, भावजींच्या अक्षरातला. त्यावर चार प्रश्न आहेत. कधीपासून होतंय? कुणाच्या लक्षात आलं? त्याआधी घरात काय बदललं? आवाज येतो का?

हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी मला ताकीद होती. सुरुवातीला मला ते फाजील वाटायचे. कुणाचं मशीन पळत पळत बाथरूमच्या दारापर्यंत आलंय आणि मी विचारतेय, घरात काय बदललं? पण त्या बाईने सांगितलं की मागच्या आठवड्यात नवीन फरशी बसवली. म्हणजे एक पाय अधांतरी. मी तिला सांगितलं, चारही कोपरे एकेक करून दाबा, जो डुलेल त्याचा पाय फिरवून खाली घ्या. वीस मिनिटांनी तिचा फोन आला की मशीन जागेवर उभं आहे. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी ताईलाही टोचून बोलले नाही.

हळूहळू मी निम्मी मशिनं फोनवरच बरी करायला लागले. कपडे पिळले जात नाहीत म्हणाले की विचारायचं, आत काय आहे? एकच जाड चादर असेल तर ती एका बाजूला गोळा होऊन बसते आणि मशीन घाबरून थांबतं. सोबत दोन टॉवेल टाका. कुबट वास येतो म्हणाले की विचारायचं, धुणं झाल्यावर झाकण लावता का? लावू नका, वारा लागू द्या. पाणी बाहेर जात नाही म्हणाले की मागचा पाइप भिंतीत चेपलाय का ते बघायला सांगायचं, आणि मग जाळी. जाळीत लोकांची काय काय माया अडकलेली असते! नाणी, बटणं, एकदा तर एका गृहस्थाची कवळी. ती तो दोन महिने शेजाऱ्यावर संशय घेत शोधत होता. शेजाऱ्याने कवळी कशाला नेली असेल, हे मी विचारलं नाही.

एक घर मात्र भावजींनी स्वतः जाऊन सोडवलं होतं, आणि तो किस्सा ते चवीने सांगायचे. त्या घरात धुतलेल्या कपड्यांवर पांढरे डाग पडत. तीन मेकॅनिक येऊन गेले होते. भावजी स्टूल टाकून बसले. सुनेने चमचाभर पावडर टाकली, मशीन लावलं आणि ती आत गेली. थोड्या वेळाने सासूबाई आल्या, इकडेतिकडे बघून झाकण उघडलं आणि आणखी एक चमचा टाकला, कारण सुनेचा हात आखडता आहे असं त्यांचं मत होतं. सुनेला हे माहीत नव्हतं. भावजींनी दोघींपैकी कुणालाही तोंडघशी पाडलं नाही. त्यांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, एका बाजूला लिहिलं ‘टाकली’, दुसऱ्या बाजूला ‘टाकायची आहे’, आणि तो दोऱ्याने मशीनच्या बटणाला लटकवून दिला. ज्याने पावडर टाकली त्याने पुठ्ठा उलटायचा, एवढंच. पुढे असे पुठ्ठे त्यांनी बऱ्याच घरांत लटकवले.

स्वतःच्या घरात मात्र भावजी मशीनबद्दल तोंडातून ब्र काढत नसत. त्याला कारण होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, मशीन नवीन असताना, त्यांनी ताईला सहज विचारलं होतं, “पावडर किती टाकतेस?” ताई त्यांच्याशी अकरा दिवस बोलली नाही. आमच्या घरात राग सगळ्यांच्याच नाकावर असतो, पण ताईचा राग बोलत नाही, आणि ते जास्त वाईट. बाराव्या दिवशी ती बोलली तेव्हा भावजींनी कानाला खडा लावला. ते घरचं मशीन मुकाट्याने दुरुस्त करत. ना स्टूल, ना प्रश्न. ताईला ते अगदी पसंत होतं.

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी ताईच्या घरी कपड्यांवर पांढरे डाग पडायला लागले.

आधी भावजींच्या गडद निळ्या शर्टाच्या कॉलरवर दिसले. मग टॉवेल कडक व्हायला लागले. तोंड पुसलं की ओठांना साबणाची चव लागायची. भावजींनी जाळी साफ केली. मागच्या पाण्याच्या तोंडाची बारीक जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासली. नळाचा पाइप बदलला. पाण्याची पातळी मोजणारा भाग बदलला. डाग तसेच. मी म्हटलं, भावजी, स्टूलवाल्यांना फोन लावू का, ते फार हुशार आहेत म्हणे. ते हसले आणि म्हणाले, “ते पहिल्या दिवशी नुसते बघतात, मेहुणीबाई. आपल्याला घाई आहे.”

मला यात नुसती गंमत दिसत होती. त्याच सुमारास गिऱ्हाइकांचे कौतुकाचे फोन यायला लागले होते. एक बाई म्हणाली, तुमचे मेकॅनिक फारच काळजीपूर्वक काम करतात, सोमवारी आले, सगळं विचारून गेले, आणि मंगळवारी पुन्हा येऊन सगळं पहिल्यापासून विचारलं. मी म्हटलं, आमची पद्धतच तशी आहे. एका घरी ते स्टूल विसरून आले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्या घरचा माणूस ते आणून द्यायला आला, तर भावजी त्याच्याकडे बघून म्हणाले, “या, काय तक्रार आहे?” आम्ही तिघंचौघं होतो, सगळे हसलो. तो माणूसही हसला. भावजींचे विनोद तसे नेहमीच कोरड्या चेहऱ्याचे असत, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

मला तरी वाटायला हवं होतं. सव्वीस वर्षं मी माणसांच्या तोंडाकडे बघत बसले होते.

एका दुपारी ताई वर माझ्याकडे आली. ताई माझ्याकडे येत नाही. मी तिच्याकडे जाते, अशी आमची वहिवाट. ती दारातच म्हणाली की मला चहा नको, आणि माझ्या पलंगावर बसली. तिच्या हातात पावडरचा डबा होता.

“हा महिन्याचा डबा आहे,” ती म्हणाली. “बारा दिवसांत संपला.”

मी म्हटलं, मग दुसरा आण.

“मी एकच चमचा टाकते. काठोकाठ नाही, सपाट. मला आठवतं मी एकच टाकते.” ती डब्याचं झाकण लावत आणि काढत होती. “पण आईलाही आठवायचं की तिने मीठ एकदाच घातलंय.”

आमची आई शेवटची चार वर्षं आम्हाला ओळखत नव्हती. तिची सुरुवात मिठापासून झाली होती. भाजीत दोनदा मीठ, आमटीत तीनदा, आणि विचारलं की म्हणायची, मी नाही घातलं, तुम्हीच कुणीतरी घालता. आम्ही दोघी तिच्यावर चिडायचो. मी जास्त. नंतर जेव्हा कळलं, तेव्हा चिडलेलं परत घेता येत नव्हतं. ताई आणि मी याबद्दल कधी बोलत नाही, पण चष्मा कुठे ठेवला ते आठवलं नाही की दोघीही तो एकमेकींपासून लपवून शोधतो.

ताईने सांगितलं की ती तीन महिन्यांपासून स्वतःवर पाळत ठेवून होती. पावडर टाकली की मोठ्याने ‘टाकली’ म्हणायची. तरी डाग पडत. म्हणजे ती टाकते, विसरते आणि पुन्हा टाकते. दुसरा काय अर्थ? भावजी बिचारे एकामागून एक भाग बदलतायत आणि दोष मशीनमध्ये नाहीच, हे तिला माहीत होतं, पण त्यांना सांगायची तिची हिंमत होत नव्हती. “त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं,” ती म्हणाली. “पण ते विचारत नाहीत. मीच त्यांचं तोंड बंद केलं ना.”

ताईला रडताना मी फार वेळा बघितलेलं नाही. मी तिला म्हटलं की आधी बघू, मग रडू. भावजी एवढं धुण्याच्या मशीनसाठी करतात, तर मी माझ्या बहिणीसाठी का करू नये?

ताईकडे धुणं सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी असतं, म्हणून बुधवारी मी सकाळी नऊला खाली गेले, फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला, भावजींचं स्टूल उचललं आणि स्वयंपाकघरामागच्या पॅसेजमध्ये मशीनसमोर मांडलं. मांडीवर मटाराच्या शेंगांची परात घेतली, म्हणजे कुणी विचारलं तर सोलतेय म्हणायला. ताईने कपडे टाकले. सपाट एक चमचा पावडर टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “टाकली.” मी मान हलवली. तिने झाकण लावलं आणि ती आंघोळीला गेली.

एकतीस वर्षं हे काम एका माणसाने कसं केलं असेल, कोण जाणे. मशीन भरतं, घुसळतं, थांबतं, विचार करतं, परत घुसळतं. मी अर्धा किलो मटार सोलले. साबणाचं पाणी निघून गेलं, स्वच्छ पाणी भरलं, कपडे खळबळायला लागले. ताई एकदाही तिकडे फिरकली नाही. ती आंघोळ करून देवासमोर नव्हे, आरशासमोरही नव्हे, तर हॉलमध्ये हात मांडीवर ठेवून बसली होती, कोर्टात निकालाची वाट बघत बसावं तशी.

मग भावजी आले. हातात पेपर. मला स्टुलावर बघून थबकले.

“त्या स्टुलावर बसायला एकतीस वर्षं लागतात, मेहुणीबाई,” ते म्हणाले.

मी म्हटलं, मी तासाभरात उरकते. ते हसले. त्यांनी मशीनचं झाकण उघडलं, पाण्यात दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर चोळून बघितली. पाणी स्वच्छच होतं, खळबळायचं पाणी ते. मशीनवरचा तिसरा दिवा तसं सांगत होता, आणि त्या दिव्यांचा अर्थ मला त्यांनीच शिकवला होता. भावजींनी दिव्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून मला म्हणाले, “पावडर टाकायची राहिली वाटतं तिची. विसरते हल्ली. बोलू नका तिला काही.” आणि फळीवरचा डबा काढून त्यांनी एक चमचा पावडर पाण्यात टाकली. अगदी प्रेमाने, पसरून. झाकण लावलं आणि पेपर घेऊन गेले.

मी तिथेच बसून राहिले. मला हायसं वाटलं. हे मी खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच की ताई नाही, माझी ताई नाही. दुसऱ्याच क्षणी त्या हायसं वाटण्याची मला इतकी लाज वाटली की मी मटाराच्या टरफलांत हात घालून बसले.

तरी मला वाटलं, एकदा होतं असं कुणाचंही. चष्मा नसेल लावला. बायकोची चूक झाकायला गेले आणि घाईत दिवा नीट दिसला नाही, एवढंच असेल. पण पूर्ण धुणं होईपर्यंत उठायचं नाही, असा नियम होता, म्हणून मी उठले नाही.

बारा मिनिटांनी भावजी परत आले. हातात तोच पेपर. मला स्टुलावर बघून थबकले.

“त्या स्टुलावर बसायला एकतीस वर्षं लागतात, मेहुणीबाई,” ते म्हणाले, आणि आधी हसले होते तसेच हसले.

त्यांनी झाकण उघडलं, बोटं बुडवली, आवाज खाली आणला.

ताईला मी वर माझ्या घरी नेऊन सांगितलं. जसं बघितलं तसं, क्रमाने, कमी-जास्त न करता. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे मी नाही.” तिचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. आणि तो श्वास पुरता बाहेर पडायच्या आत ती म्हणाली, “म्हणजे ते.”

मी म्हटलं, मी सांगते त्यांना. अप्रिय गोष्टी सांगायचा मला अनुभव आहे. दात काढावा लागेल हे डॉक्टर सांगायचे नाहीत, मीच सांगायचे. ताईने नको म्हणून मान हलवली. एका प्रश्नावरून आपण त्यांच्याशी अकरा दिवस अबोला धरला होता, तेव्हा हे आता आपल्यालाच बोलावं लागेल, असं तिचं म्हणणं होतं. मी वाद घातला नाही. पण मी तिच्याबरोबर खाली गेले.

भावजी बाहेरून आले ते एक खोकं घेऊन. त्यात मशीनचा नवीन पंप होता. त्यांनी पॅसेजमध्ये वर्तमानपत्र पसरलं, मशीनची पाठ पुढे केली आणि पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. पाणी पुरतं निघून जात नाही, म्हणून साबण राहतो, असं त्यांचं निदान होतं. निदान वाईट नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही घरात मी ते मान्य केलं असतं.

“अहो,” ताई म्हणाली. “पंप राहू द्या.”

भावजींनी वर बघितलं.

“मशीन ठीक आहे,” ताई म्हणाली.

स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात तसाच राहिला. ते वाक्य त्यांनी हजार घरांत उच्चारलं असेल, पण त्यांना ते कुणी कधी ऐकवलं नव्हतं. त्यांनी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मशीनसमोर सकाळपासून मांडून ठेवलेल्या स्टुलाकडे. मग ते उठले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, “पाणी दे जरा.”

ताईने ग्लास आणून दिला. त्यांनी तो हळूहळू, तळापर्यंत रिकामा केला. मला वाटत होतं हा ग्लास संपू नये. त्यांनी तो फरशीवर ठेवला.

“मग आता माझ्याकडे बघायचं का?” ते म्हणाले.

ताईने सांगितलं. तिला नीट सांगता आलं नाही, मध्येच थांबली, तेव्हा पुढचं मी सांगितलं. भावजी ऐकत होते, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तसे, मान किंचित कलती. मी थांबल्यावर त्यांनी मला विचारलं, “पूर्ण धुणं बघितलंत?”

“पूर्ण.”

“मध्ये उठलात?”

“नाही.”

“मग बरोबर असेल,” ते म्हणाले.

त्यांनी चिडावं, नाकबूल करावं, मला खोटं पाडावं, असं मला फार वाटत होतं. आई तसं करायची. त्यांनी यातलं काही केलं नाही. उलट हॉलकडे बोट दाखवून म्हणाले की तो कागद आणा आणि रीतसर विचारा. मी म्हटलं, भावजी, कागद कशाला. ते म्हणाले, कागदाशिवाय तुम्ही एक तरी प्रश्न गाळता. मी भिंतीवरून कागद काढून आणला. एका कोपऱ्याची चिकटपट्टी भिंतीवरच राहिली.

“कधीपासून होतंय?” मी विचारलं.

“सांगता येत नाही,” भावजी म्हणाले. “तसंच लिहा.”

“कुणाच्या लक्षात आलं?”

“कुणाच्याच नाही,” ताई म्हणाली. “मला वाटलं माझंच आहे.”

“मलाही वाटलं तुझंच आहे,” भावजी म्हणाले. “तुला विचारायची सोय नव्हती. म्हणून मीच आपली टाकून देत होतो.”

ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिसरा प्रश्न मी विचारला नाही. घरात काय बदललं ते तिघांनाही दिसत होतं. मी एकदम चौथा विचारला.

“आवाज येतो का?”

भावजींनी खरोखर विचार केला. डोळे मिटून, ड्रमला कान लावल्यासारखे बसले.

“नाही,” ते म्हणाले. “आवाज आला असता तर मला कळलं असतं.”

मग ताई रडली, आणि मीही रडले, आणि भावजी पंप खोक्यात नीट परत भरत होते, कारण तो दुकानात परत द्यायचा होता. तो परत द्यायचा त्यांच्या लक्षात राहिला नाही. अजून माळ्यावर आहे.

डॉक्टरांकडे आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरांनी त्यांना आजची तारीख विचारली, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळाने परत विचारली. भावजींना तीन आठवल्या. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. काही तपासण्या करू, गोळ्या देऊ, त्याने वेग कमी होतो, पण मागे फिरत नाही. भावजींनी त्यांना विचारलं की आज तुम्ही काही उघडलं नाहीत, इंजेक्शन दिलं नाहीत, नुसतं बघितलंत, बरोबर? डॉक्टर हो म्हणाले. भावजी बाहेर येऊन म्हणाले, माणूस चांगला आहे, यांच्याकडेच येऊ.

आता ते कामाला जात नाहीत. लोक फोन करतात, मी चार प्रश्न विचारते आणि मग गिऱ्हाइकाला सांगते की फोन मशीनजवळ धरा. भावजी रिसीव्हर कानाला लावतात. बेअरिंग गेलंय की नाणं अडकलंय, हे त्यांना अजून पहिल्या फेऱ्यात कळतं. काल कुणाचं मशीन ऐकलं ते विचारू नये.

त्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी त्यांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, एका बाजूला ‘टाकली’ आणि दुसऱ्या बाजूला ‘टाकायची आहे’ असं लिहिलं आणि दोऱ्याने स्वतःच्या मशीनच्या बटणाला बांधला. अक्षर नेहमीसारखंच सुबक. ताईने पावडर टाकली, पुठ्ठा उलटला आणि आम्ही तिघं चहाला बसलो. चहा झाल्यावर भावजी पेपर घेऊन उठले आणि पॅसेजकडे गेले. मी दारातून बघत होते. त्यांनी झाकणाकडे हात नेला, पुठ्ठा वाचला, दोनदा वाचला आणि हात मागे घेतला. डाग त्या दिवसापासून पडले नाहीत.

मग ते स्वयंपाकघरात आले, खुर्ची ओढून बसले आणि ताईला म्हणाले, “अगं, चहा टाकतेस ना?”

त्यांचा रिकामा कप त्यांच्यासमोरच होता. एरवी माझ्या जिभेवर काहीतरी आलंच असतं. ताईने तो कप उचलला, विसळला आणि पुन्हा आधण ठेवलं. मी म्हटलं, मलाही अर्धा कप टाक.